रत्नप्रभामावशींचा उलटा अंगठा

गेम बाजारात आला की बनवणाऱ्याने फोन कपाटात टाकून दोन दिवस झोप काढावी, असं या धंद्यातले सगळे सांगतात आणि कोणीही करत नाही. मी तर आंघोळीलाही फोन घेऊन जात होतो. 'भरतीची खोली' हा आमचा पहिला गेम. आमचा म्हणजे माझा आणि माझ्या बायकोचा, नेत्राचा. गोष्ट तिची, चित्रं तिची, कोडी दोघांची, प्रोग्रॅमिंग माझं. चारकोपच्या आमच्या वन बीएचकेत एक पाय पाळण्याच्या दोरीत अडकवून आणि दोन्ही हात कीबोर्डवर ठेवून मी त्यातल्या शेवटच्या चुका काढल्या, कारण गेम आणि मुलगी या दोघांनी एकाच मोसमात जन्माला यायचं ठरवलं होतं.

गेम भुताचा आहे, पण किंकाळ्या मारणाऱ्या भुताचा नाही. कोकणातल्या एका बंदरात जेटीवर जुनं विश्रामगृह आहे आणि तिथेच एक म्हातारी लाँचची तिकिटं फाडून देते. मोजणी खात्याचा एक माणूस तिथे मुक्कामाला येतो. तो माणूस म्हणजे खेळणारा. रोज भरतीला तिथल्या एका बंद खोलीत समुद्राचं पाणी शिरतं आणि ओहोटी लागली की खोलीत काहीतरी मागे राहतं. एकदा बांगडी, एकदा लाँचचं तिकीट, एकदा पितळी कुलूप. या वस्तू जुळवत गेलं की कळतं, की फार वर्षांपूर्वी वेणू नावाची एक बाई दिवस भरलेले असताना लाँचमधून उतरली आणि याच खोलीत बाळंतपणात गेली. खोलीचं दार बाहेरून कोणी लावलं होतं, हे आपण शोधायचं. शेवटी दार उघडतं आणि वेणू सुटते.

ज्या ऑनलाइन दुकानात आम्ही गेम ठेवला होता, तिथे खेळणाऱ्यांनी सुलटा नाहीतर उलटा अंगठा द्यायचा आणि वाटलं तर चार ओळी लिहायच्या. शंभरातले किती अंगठे सुलटे, तो आकडा गेमच्या नावाखाली झळकत राहतो. त्या आकड्यावर आमचं सगळं अडलेलं होतं. बंगळुरूच्या एका मोठ्या कंपनीतल्या प्रबुद्ध नावाच्या माणसाने स्पष्ट सांगितलं होतं, की महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी त्यांची मीटिंग आहे. त्या दिवशी नव्वद टक्के दिसले तर दुसरा भाग ते काढणार. नाही दिसले तर नेत्राने पुन्हा विम्याच्या जाहिराती लिहायच्या आणि मी पुन्हा कोणाच्यातरी ॲपमधली बटणं हलवायची. आम्ही दोघांनी नोकऱ्या सोडल्या होत्या आणि घरी तान्हं मूल होतं, त्यामुळे ही गोष्ट आम्ही एकमेकांशी बोलतसुद्धा नव्हतो.

पहिला आठवडा मात्र नुसती धमाल. लोक काय काय लिहीत होते. 'जेवण झाल्यावर सुरू केला, दूधवाल्याने बेल मारली तेव्हा भानावर आलो.' 'वेणू एकदाही दिसत नाही आणि तरी सगळीकडे तीच आहे. झकास.' 'ओहोटीच्या वेळापत्रकाचं कोडं ज्याने काढलंय त्याचा पत्ता द्या, भेटायचंय.' तो पत्ता माझा. मी ती ओळ नेत्राला चार वेळा वाचून दाखवली. एकाने लिहिलं होतं की विश्रामगृहातल्या खानसाम्याचा आवाज त्याच्या काकांसारखा आहे आणि आता तो काकांकडे जेवायला जाणार नाही. 'शेवट जरा उरकल्यासारखा वाटतो,' असंही दोनतीन जणांनी म्हटलं, पण त्यांनीही अंगठे सुलटेच दिले होते. आकडा चौऱ्याण्णव. मी गॅलरीत जाऊन उगाचच शेजाऱ्यांना हात केला.

आता मावशींबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यांनी केलं.

रत्नप्रभा केळुसकर. चारकोपपासून गोराई, एक्सर आणि पार बोरीवली स्टेशनपर्यंत ज्या घरात पाळणा बांधलेला असेल त्या घराबाहेर सकाळी यांच्या चपला दिसतात. बाळ-बाळंतिणीला तेल लावणं, शेक देणं, न्हाऊ घालणं हे त्यांचं काम. आचऱ्याजवळच्या एका वाडीतून लग्न होऊन मुंबईत आल्या. नवरा, म्हणजे सहदेवकाका, गिरणीत होते. गिरणी बंद पडली तेव्हा काका खुर्चीत बसून राहिले आणि मावशी उठल्या. सासूकडून शिकलेली कला होती, तिच्यावर त्यांनी घर चालवलं, दोन मुलगे शिकवले. काका पुढे चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये वॉचमन झाले आणि आता घरी असतात. ते बोलत नाहीत. त्यांच्या वाटणीचंही मावशीच बोलतात.

बाई साधीसुधी नाही. बुटकी, रुंद, पदर कमरेला घट्ट खोचलेला, आणि घरात शिरली की घर तिचं. पंखा बंद. फोन बंद. सासूने मध्ये बोलायचं नाही, नवऱ्याने मध्ये उभं राहायचं नाही. बाथरूममध्ये पाटावर बसून पाय लांब सोडायचे, पोटऱ्यांवर बाळाला पालथं घालायचं आणि एका हाताने घागरीतलं पाणी ओतत दुसऱ्या हाताने असं काही चोळायचं, की ओरडणारं पोर अर्ध्यात गप होऊन चक्क पेंगायला लागतं. मी कॉम्प्युटरवर काम करणारा माणूस, हात चालवण्याचं मला कौतुक. मी दाराच्या फटीतून बघायचो आणि शिव्या खायचो.

शिव्या सगळ्यांनाच. पहिल्या दिवशी माझ्या मुलीला हातात घेऊन त्या म्हणाल्या, "कसला गो ह्या काळा माकड. नाक तर बघ, बटाटो." माझं डोकं फिरलं होतं. नेत्राच्या आईने मला स्वयंपाकघरात ओढून समजावलं, की बाळाला चांगलं म्हटलं तर दृष्ट लागते, म्हणून त्या तसं बोलतात. न्हाऊन झालं की धुरी, मग गुंडाळणं, आणि शेवटी गालावर काजळाची ही एवढी मोठी तीट. माझी मुलगी महिनाभर गालावर डाग पडल्यासारखी दिसत होती. मावशींनी न्हाऊ घातलेल्या कुठल्याही पोराला त्यांच्या तोंडून बरा शब्द मिळालेला नाही. त्यातला एक आता डॉक्टर आहे, त्यालासुद्धा त्या रस्त्यात दिसला की माकडच म्हणतात.

गेमशी त्यांची गाठ कशी पडली, तर नेत्रा शेक घेताना चोरून फोनवर गेमची तपासणी करत होती. मावशींनी डोकावून विचारलं, "ह्या काय गो?" नेत्रा म्हणाली, भुताची गोष्ट आहे. झालं. भुताच्या गजाली, म्हणजे गोष्टी, ऐकत वाढलेली बाई ती. दुसऱ्या दिवसापासून काम आटपलं की त्या आमच्या सोफ्यावर मांडी घालून बसायच्या, फोन नाकाला लावून, आणि मोजणीदारावर खेकसायच्या. "मेल्या, त्या कुलपाक हात लावू नको, पाणी येतला." पाणी यायचंच. "सांगलंय ना तुका?" खानसामा खोटं बोलतो हे त्यांनी पहिल्या दोन वाक्यांत ओळखलं आणि तरी त्याच्याशी पुन्हा पुन्हा बोलायला गेल्या, त्याला तोंडावर खोटारडा म्हणायला. आमच्या गेममध्ये तशी सोय नव्हती. त्या स्वतःच म्हणायच्या. कोडी त्यांना काही फार सुटायची नाहीत. ओहोटीच्या वेळापत्रकाला तर त्यांनी माझ्या देखत अशी नावं ठेवली की मी पत्ता सांगितला नाही. पण खेळणारा माणूस एवढा आत शिरलेला मी कधी पाहिला नव्हता. मी कामधाम सोडून त्यांचा चेहरा बघत बसायचो. आपण बनवलेल्या गोष्टीवर कोणी एवढं चिडतं, यासारखं सुख नाही.

गेम बाजारात आला आणि त्यांनी स्वतःच्या फोनवर घेतला. मग ज्या ज्या घरी त्या जात तिथल्या बाळंतिणींना तो घ्यायला लावला. एका हातात मूल आणि एका हातात फोन, असा खेळता येतो तो. बायका वेड्या झाल्या त्यामागे.

आणि मग दुसऱ्या आठवड्यात आकडा घसरायला लागला.

आधी मला वाटलं, एखादा नाराज असेल. मग दुसरा. मग एका दुपारी सात-आठ उलटे अंगठे लागोपाठ. नव्वदच्या खाली, मग पंच्याऐंशी, मग ऐंशी. आणि लिहिलेलं काय? 'भंगार. दोनदा खेळले.' 'काही अर्थ नाही. नवऱ्याला दिला तर तोही जेवायला उठेना.' 'काळीकुट्ट खोली, काळंकुट्ट पाणी. कोणी बघू नये असा गेम.' 'नाकी डोळी काहीच धड नाही.' एक तर नुसतंच 'शी.'

माझी खात्री झाली की कोणीतरी पैसे देऊन हे करवतंय. मी दिवसभर नावं तपासत बसलो, आलेख काढले, दुकानाच्या लोकांना इंग्रजीत संतापाचे ईमेल पाठवले. त्यांनी उत्तर दिलं की सगळी खाती खऱ्या माणसांची आहेत. नेत्राने वाचणंच बंद केलं. "खरी माणसं आहेत ना रे," ती म्हणाली, "मग नसेल आवडला. संपलं." ती रडली असती तर बरं झालं असतं. ती कपड्यांच्या घड्या घालत राहिली. प्रबुद्धचा फोन आला. तो सभ्य माणूस आहे, त्याने फक्त विचारलं, "काय चाललंय तिकडे?"

मीटिंगचा शुक्रवार उजाडला. आकडा अठ्ठ्याहत्तर. सकाळी मावशी बाथरूममध्ये मुलीला पायावर घेऊन बसल्या होत्या आणि मी दाराबाहेर फोन घेऊन येरझाऱ्या घालत मोठमोठ्याने वाचत होतो. चिडलो की मी मोठ्याने वाचतो.

"ऐका मावशी, ही कोण बाई म्हणे, नाकी डोळी काहीच धड नाही. अरे, गेमला नाक असतं का? कोण आहेत ही माणसं?"

आतून खदखदून हसू आलं. "ता चेतनान लिवल्यान. मीच सांगलंय तिका, असा लिव म्हणून."

मी दार ढकललं. "काय?"

"गप ऱ्हव, वारो येता. दार लाव." मावशी मान वळवून माझ्याकडे बघत होत्या आणि चेहऱ्यावर समाधान मावत नव्हतं. "लोक काय काय लिवी होते रे गेमाबद्दल. झकास काय, भारी काय. पयल्याच आठवड्यात इतक्या चांगला म्हणतत? दिष्ट लागतली ना. मी माझ्या सगळ्या पोरींका सांगलंय, एकेक उलटो अंगठो लावा, आणि बरा काय लिवू नका."

चेतना म्हणजे एक्सरची जुळ्यांची आई. तिने मावशींच्या बाळंतिणींचा एक ग्रुप चालवला होता आणि मावशी त्यावर बोलून निरोप टाकत. तेल कोणतं, खारीक किती, पोट कधी बांधायचं, सगळं त्यावर. त्या ग्रुपवर मावशींचा शब्द म्हणजे शब्द. मावशींनी तीट लावायला सांगितली आणि चाळीसेक आयांनी, ज्यांनी आमचा गेम जीव लावून खेळला होता, त्याला मनापासून तीट लावली होती.

"मावशी," मी म्हणालो, आणि माझा आवाज चढला होता, "वाट लावलीत तुम्ही आमची. उलट्या अंगठ्याचा अर्थ गेम वाईट आहे असा होतो. आज संध्याकाळी सहाला बंगळुरूला आकडा बघणार आहेत. नेत्राचा गेम गेला आता. तुमच्यामुळे गेला."

मुलीवर पाणी ओतायचं राहिलं होतं. मावशींनी ते ओतलं. टॉवेलमध्ये तिला घेतलं, पुसलं, गुंडाळलं. चेहरा उतरला होता. मग मूल नेत्राच्या हातात देत त्या एवढंच म्हणाल्या, "फोन आण माझो."

पुढचे काही तास मी जन्मात विसरणार नाही. मावशींनी ग्रुपवर निरोप टाकला. तो निरोप नव्हता, हुकूम होता. "गो बायांनो, माझा चुकला. सगळ्यांनी अंगठे सुलटे करा, आताच्या आता, आणि मनात आसा ता खरा लिवा." मग त्या एकेकीला फोन लावायला बसल्या. कोणी मुलाला पाजत होती, कोणी डॉक्टरकडे होती, एकीला पासवर्ड आठवेना. मी तिला फोनवरून पासवर्ड बदलून दिला आणि मागून मावशी ओरडत होत्या, "डिंकाचे लाडू संपवलंस काय गो?" चेतनाने तर तिकडून अर्ध्या बायका सांभाळल्या. मी हॉलमध्ये उभा राहून आकडे पुकारत होतो. एक्याऐंशी. ब्याऐंशी. नेत्रा आधी आत होती, मग दारात आली, मग माझ्या खांद्यावरून वाचू लागली. कारण आता त्या बायका खरं लिहीत होत्या. 'बाळ झोपत नव्हतं म्हणून खेळायला घेतला, आता बाळ झोपतं आणि मी जागी राहते.' 'वेणूने दार ठोकलं तेव्हा मी मुलाला उराशी धरलं.' 'काल नापसंत म्हटलं होतं, ते प्रेमाने म्हटलं होतं.' नेत्रा हसत होती आणि डोळे पुसत होती. सत्त्याऐंशी. मी उड्या मारायला लागलो, खालच्या मजल्यावरून छत वाजवल्याचा आवाज आला, मी थांबलो नाही. अठ्ठ्याऐंशी. एकोणनव्वद.

एकोणनव्वदवर गाडी थांबली. ग्रुप संपला होता, आणि घसरलेला आकडा बघून मधल्या दिवसांत काही परक्यांनीही जे उलटे अंगठे दिले होते, ते आमच्या हातात नव्हते. पाच वाजून गेले होते. मी हिशोब मांडला. नव्वदला एकच अंगठा कमी पडत होता. यादी वरपासून खालपर्यंत पाहिली आणि आमच्यातला तो एक सापडला. र. केळुसकर. उलटा. खाली काही लिहिलेलं नव्हतं.

"मावशी, तुमचाच राहिला," मी हसत फोन त्यांच्यापुढे धरला. "दाबा, की झालं काम."

मावशींनी फोन घेतला नाही. "माझो ऱ्हवांदे."

"राहू दे काय? अहो, तुमच्या एका अंगठ्यावर अडलंय."

"ती तीट नाय. माझो खरो आसा." त्या माझ्याकडे बघतच नव्हत्या, नेत्राकडे बघत होत्या. "त्या बायचा पोर खय गेला?"

नेत्राने मुलीला दुसऱ्या खांद्यावर घेतलं.

"दार कोणी लावला, कुलूप कोणाचा, तिकीट कोणाचा, सगळा इचारलास. बाय बाळंत झाली ना? मग झील झालो की चेडू? जगला की मेला? त्या घरात कोण एक इचारणा नाय. गो, ती दारासाठी थांबली नाय. पोराक बघूक थांबली. तुमी दार उघडून तिका जा म्हणतास. ती खय जातली पोराक टाकून?"

मला आधी राग आला. मग मी चक्क हात जोडले. म्हटलं, मावशी, तासभर सुलटा ठेवा, सहा वाजले की पुन्हा उलटा करा, कोणाला कळणार नाही. "माका कळतला ना," त्या म्हणाल्या.

नेत्रा खुर्चीत बसली होती. तिने मूल माझ्याकडे दिलं.

"तो सीन होता," ती म्हणाली. "सुबोध, मी तुला सांगितलं की लांबतोय म्हणून काढला. तसं नव्हतं. सातव्या महिन्यात लिहायला बसले होते. वेणूच्या हातात तिचं बाळ देते, असं एक वाक्य लिहिलं आणि पोटात लाथ बसली. मी घाबरले. वाटलं, बाळंतपणात गेलेल्या बाईच्या मांडीवर मी मूल ठेवतेय आणि माझंच काही झालं तर. फाईल बंद केली ती परत उघडलीच नाही. नंतर ही सुखरूप झाली, तरी नाही उघडली."

मला हे माहीत नव्हतं. एका टेबलावर समोरासमोर बसून आम्ही हा गेम बनवला आणि मला हे माहीत नव्हतं. मावशींनी वाटीतलं उरलेलं तेल हातावर घेतलं आणि नेत्राच्या टाळूवर थापलं, लहान मुलीला थापतात तसं, हळू.

"अंगठा राहू दे, मावशी," नेत्रा म्हणाली आणि तिने स्वतः प्रबुद्धला फोन लावला. "एकोणनव्वदच आहेत," तिने सांगितलं. "आणि ते बरोबर आहेत. माझ्या गेममध्ये एक सीन कमी आहे. तो करून पुढच्या महिन्यात दाखवते." प्रबुद्ध म्हणाला की पुढच्या महिन्यात जागा एकच आहे आणि रांगेत दुसरा गेमही आहे, तो शब्द देऊ शकत नाही. नेत्रा म्हणाली, देऊ नका. मी स्वयंपाकघरात जाऊन गार झालेला चहा उभ्याने प्यायलो आणि भिंतीशी भांडलो.

पण दुसऱ्या दिवशी ती लिहायला बसली आणि घराचा रंगच बदलला. मी तिला असं कधी पाहिलं नव्हतं. सकाळी मावशी न्हाऊ घालत असताना ती बाथरूमच्या उंबऱ्याशी लॅपटॉप घेऊन बसायची. पाणी कुठून सोडता, मान कशी धरता, डोळ्यांत पाणी जाऊ नये म्हणून हात कुठे आडवा लावता. मावशी सांगायच्या, शिव्या द्यायच्या, पुन्हा करून दाखवायच्या. मी ते हात प्रोग्रॅममध्ये उतरवायचो आणि नेत्रा म्हणायची, अजून जड होतायत रे, हलके कर. रोज काहीतरी जमायचं. रोज जेवायला उशीर व्हायचा आणि कोणाला भान नसायचं.

शेवट असा झाला. दार उघडतं, पण वेणू जात नाही. शेवटची भरती येते आणि पाण्याबरोबर त्या दिवसाचं बाळ येतं. मुलगी. वेणू भिंतीला टेकून पाय लांब सोडते. बाळाला तिच्या पायावर आपण ठेवायचं, पाणी आपण ओतायचं. तिथे कोडं नाही, घड्याळ नाही, चुकण्यासारखं काही नाही. न्हाऊन झालं की ओहोटी लागते, आणि खिडकीतून जेटीवर ती म्हातारी दिसते, जी पहिल्या प्रकरणापासून आपल्याला लाँचची तिकिटं फाडून देतेय. खानसाम्याच्या बायकोने वाढवलेली वेणूची मुलगी. वेणू तिला बघते. मग जाते.

हा भाग आम्ही सोडला त्या दिवशी मावशी गावी होत्या, भाच्याच्या लग्नाला, आणि त्यांच्या वाडीत रेंज नाही. इकडे लोकांनी डोक्यावर घेतला. 'कोडं सोडवायला आलो होतो, बाळाला न्हाऊ घालून निघालो.' 'तिकीटवाली. तिकीटवाली रे. मी तिच्याशी रोज हुज्जत घालत होतो.' 'आईला फोन केला.' आकडा नव्वद ओलांडून गेला तो थांबेचना. प्रबुद्धचा फोन आला तेव्हा मला आधी तो ओळखू येईना, आवाज बसला होता त्याचा. मीटिंगमध्ये टक्के सांगायचे राहूनच गेले, म्हणाला, सगळ्यांना शेवटचा भाग खेळायला दिला आणि निघालो. दुसरा भाग ठरला. मी नेत्राला उचललं आणि ती म्हणाली, अरे पडेन, आणि मी तरी सोडलं नाही.

तिला आनंद झाला होता, खोटं कशाला बोलू. पण अर्धा. ती रोज यादी उघडून खाली जायची आणि र. केळुसकर हे नाव बघून यायची. उलटाच होता.

मावशी परत आल्या त्या सकाळी थेट आमच्याकडे आल्या, हातात ओल्या काजूंची पिशवी. मुलीला न्हाऊ घातलं, झोपवलं, आणि सोफ्यावर मांडी घालून बसल्या. नेत्राने नवा शेवट उतरवून घेतलेला त्यांचाच फोन त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो नाकाजवळ धरला. आज खेकसणं नाही, खानसाम्याला शिव्या नाहीत. दार उघडलं. भरती आली. मला त्यांची बोटं दिसत होती, पडद्यावर एक हात आडवा धरून दुसऱ्याने पाणी सोडणारी, फार सावकाश. ओहोटी लागली. तिकीटवालीपाशी त्या बराच वेळ थांबल्या. नेत्रा सोफ्याच्या कडेवर बसून नखं खात होती, एवढी ती प्रबुद्धच्या मीटिंगलाही घाबरली नव्हती.

मावशींनी डोळे पदराने पुसले, यादी उघडली, स्वतःचं नाव शोधलं आणि अंगठा सुलटा केला. मग नेत्राचा चेहरा दोन्ही हातांत धरला.

"चांगला केलंस गो बाय," त्या म्हणाल्या. "लय चांगला. सुंदर केलंस."

नेत्रा हसायला गेली आणि तिला रडू फुटलं. "मावशी, असं तोंडावर म्हणू नका. दृष्ट लागेल."

"लागांदे," मावशी म्हणाल्या. "माझी लागली तर मीच काढतलंय."